गुडघ्याचा एकच भाग बदलायचा की अख्खा सांधा? आईसाठी सल्ला हवा आहे

सुरंगी

नमस्कार मंडळी. आईचं वय ६६, साताऱ्याजवळच्या गावी राहते. डावा गुडघा चार-पाच वर्षं दुखतोय. गेल्या दिवाळीपासून जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरते. कुठे दुखतं विचारलं तर गुडघ्याच्या आतल्या बाजूला नेमकं बोट ठेवते. उजवा अधूनमधून कुरकुरतो, पण त्याबद्दल तिची तक्रार नाही.

पुण्यात दोन सर्जनना दाखवलं. पहिल्यांनी रिपोर्ट बघून सांगितलं, दोन्ही गुडघे एकदमच बदलून टाका, परत परत भूल नको. दुसऱ्यांनी तिला उभं करून पुन्हा एक्स-रे काढायला लावले, पाय वाकवून, दोन्हीकडे ताणून पाहिला आणि म्हणाले, डाव्याची फक्त आतली बाजू गेली आहे, पार्शल करू, म्हणजे तेवढाच भाग बदलू. उजव्याला आत्ता हात लावायचा नाही. दोघेही अनुभवी, दोघांचीही नावं चांगली. आता कोणाचं ऐकायचं?

आईचे प्रश्न वेगळेच आहेत. जमिनीवर बसता येईल का, रानात जाता येईल का, आणि वारी. ती बरीच वर्षं माऊलींच्या पालखीबरोबर चालायची, गुडघ्याने ते बंद पाडलं.

पार्शल केलेलं कोणी आहे का इथे? की "करायचंच तर पूर्ण करा" हेच बरोबर?

पाटणकर_काका

ताई, माझे दोन्ही गुडघे पूर्ण बदललेले आहेत. सकाळी फिरायला जातो, मंडईतून पिशव्या आणतो, एसटीची पायरी चढतो. माझं मत स्पष्ट आहे. एकदा उघडलं की पूर्ण करून घ्यावं. आज आतली बाजू गेली, उद्या बाहेरची जाईल, मग परत टेबलावर झोपायचं का? पावसाळ्याआधी छप्पर शाकारतो तेव्हा सगळंच शाकारतो आपण.

रानवारा

काका, पण एका बाजूची चार कौलं फुटली म्हणून कोणी वासे उतरवत नाही ना! :-)

हाडवैद्य

सांधेरोपण हेच माझं रोजचं काम आहे. न तपासता निदान सांगणार नाही, पण दुसऱ्या डॉक्टरांनी काय पाहिलं असेल ते सांगतो.

गुडघ्याचे तीन कप्पे असतात. आतला, बाहेरचा आणि वाटीच्या मागचा. आपल्याकडे आतला कप्पा झिजण्याचं प्रमाण फार मोठं आहे, म्हणून वय झालेल्या माणसांचे पाय धनुष्यासारखे वाकलेले दिसतात. पार्शलमध्ये त्या एका कप्प्याचा खराब पृष्ठभाग काढून मांडीच्या हाडावर धातूची छोटी टोपी, नडगीवर धातूची चकती आणि मध्ये पॉलिएथिलीन या प्लास्टिकचा तुकडा बसवतात. बाकीचे दोन कप्पे, वाटी आणि गुडघा स्थिर ठेवणारे आतले दोन्ही क्रूस अस्थिबंध जागच्या जागी राहतात. टोटलमध्ये, म्हणजे पूर्ण सांधा बदलताना, पुढचा क्रूस अस्थिबंध, म्हणजे एसीएल, बहुतेक वेळा काढावाच लागतो.

सगळी गोष्ट या एसीएलभोवती फिरते. तो शाबूत असेल तर झीज आतल्या कप्प्याच्या पुढच्या भागातच राहते, मागचा भाग चांगला असतो. त्यामुळे गुडघा वाकवला की हाडं चांगल्या भागावर टेकतात आणि आतल्या बाजूचा अस्थिबंध त्याच्या मूळ लांबीपर्यंत ताणला जातो. म्हणून तो आखडत नाही आणि पायाचा बाक हाताने सरळ करता येतो. एसीएल तुटला की मांडीचं हाड मागे सरकतं, झीज मागे पसरते, अस्थिबंध आखडतो, बाक पक्का होतो. मग पार्शलची वेळ निघून गेलेली असते.

म्हणजे बघायचं काय, तर हाड हाडाला लागेपर्यंत आतली बाजू झिजलेली हवी, एसीएल कामाचा हवा, बाक सुटणारा हवा, बाहेरच्या कप्प्यातली कूर्चा, म्हणजे हाडांवरचं गुळगुळीत आवरण, पूर्ण जाडीची हवी, आणि संधिवात आमवाताच्या जातीचा नको. आमवातात पूर्ण सांधाच आजारी असतो, तिथे एक कप्पा बदलून भागत नाही.

बाहेरची कूर्चा कशी कळते? गुडघा किंचित वाकवून, पाय बाहेरच्या दिशेने ताणून धरतात आणि तसाच एक्स-रे काढतात. त्याला स्ट्रेस एक्स-रे म्हणतात. तुमच्या आईचा काढला होता का?

सुरंगी

धन्यवाद डॉक्टर. ताणून हाताने पाहिलं, पण तसा एक्स-रे काढल्याचं आठवत नाही. एमआरआय मात्र पहिल्यांनी करायला लावला होता.

हाडवैद्य

एमआरआय असला तरी उभ्याने काढलेला आणि हा स्ट्रेस एक्स-रे जास्त कामाचा. झोपवून काढलेल्या एक्स-रेवर तर निर्णय घेऊच नये, वजन नसल्याने फट खोटी मोठी दिसते. आणि उजवा गुडघा दुखतच नसेल तर फक्त एक्स-रेत झीज दिसते म्हणून तो बदलायचं कारण मला दिसत नाही. दोन्ही एकदम करणं चुकीचं नाही, पण त्यात हृदयावरचा ताण, रक्तस्राव, गुठळ्या होण्याचा धोका हे सगळं वाढतं. दोन्ही गुडघे सारखेच निकामी झालेल्या, बाकी तब्येत ठणठणीत असलेल्या माणसासाठी तो विचार करतात.

मृद्गंध

माझं पार्शल झालं आहे, उजव्या गुडघ्याचं, आतल्या बाजूचं. शाळेत शिक्षिका होते, उभं राहण्यात आयुष्य गेलं. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळीच वॉकर धरून बाथरूमपर्यंत चालवलं. कंबरेखाली भूल होती, त्यामुळे आतली ठोकाठोक ऐकू येत होती. ज्यांना भीती वाटते त्यांनी आधीच झोपेचं औषध मागून घ्यावं, देतात.

पहिले पंधरा दिवस मात्र दुखतं. "छोटं ऑपरेशन" असं जाहिरातीत म्हणतात त्यावर विसंबून घरी कोणी मदतीला ठेवलं नाही तर हाल होतात. रात्री झोप नीट लागत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला त्वचेचा एक पट्टा बधिर राहतो, तो माझा अजून आहे, पण त्याचा त्रास नाही.

आता मला बहुतेक वेळा आठवतही नाही की आत काही बसवलं आहे. माझ्या जाऊबाईंचं टोटल झालं आहे, त्या चालतात उत्तम, पण गुडघा "आपला वाटत नाही" म्हणतात.

पाटणकर_काका

मृद्गंध ताई, तुमचं छान झालं, आनंद आहे. पण किती वर्षं टिकेल ते कोणी सांगावं? मी ऑपरेशनआधी वाचलं होतं की पार्शल पुन्हा उघडावं लागण्याचं प्रमाण टोटलच्या दुपटीहून जास्त. डॉक्टरसाहेब, हे खरं की खोटं?

टेम्सकाठ

काका, ते खरं आहे, पण अर्धं. मी इंग्लंडमध्ये असते, सासूबाईंच्या वेळी या सगळ्यात खोल गेले होते.

इथे २००३ पासून राष्ट्रीय सांधेनोंदणी आहे, बसवलेल्या प्रत्येक कृत्रिम सांध्याची त्यात नोंद होते. तिच्या आधारे २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. २५ हजारांहून जास्त पार्शल आणि त्यांना वय, आजार वगैरे जुळवून घेतलेले सुमारे ७६ हजार टोटल. पुन्हा बदलावं लागण्याचं प्रमाण पार्शलमध्ये दुपटीहून जास्त निघालं, तुम्ही म्हणता तसंच. पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, जंतुसंसर्ग, रक्त द्यावं लागणं, मृत्यू हे सगळं पार्शलमध्ये कमी निघालं. त्यांनी हिशोब असा मांडला होता: टोटल झालेल्यांपैकी शंभर जणांचं त्याऐवजी पार्शल केलं असतं, तर पहिल्या चार वर्षांत एक मृत्यू कमी झाला असता आणि तीन शस्त्रक्रिया जास्त कराव्या लागल्या असत्या.

मग २०१९ मध्ये पार्शल आणि टोटलची थेट तुलना करणाऱ्या टॉपकॅट चाचणीचे पाच वर्षांचे निकाल आले. ५२८ रुग्ण, २७ रुग्णालयं, कोणाला काय बसवायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. दुखणं आणि हालचाल या बाबतीत दोन्ही गट जवळपास सारखे. खर्चात पार्शल स्वस्त पडलं. त्यानंतर २०२० च्या इथल्या सरकारी मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं आहे की फक्त आतला कप्पा झिजलेल्या रुग्णाला दोन्ही पर्याय समजावून निवड त्याला करू द्यावी. माझ्या मते सुरंगीच्या आईलाही हाच हक्क आहे.

हाडवैद्य

टेम्सकाठ यांनी नेमकं मांडलं. एक भर घालतो. पार्शल पुन्हा उघडण्याचं प्रमाण जास्त दिसतं त्यामागे एक कारण असंही आहे की ते उघडणं सोपं आहे. पार्शलवाल्या रुग्णाने "दुखतंय" म्हटलं की सर्जन पटकन टोटल करून देतो. टोटल झालेला रुग्ण तितकंच दुखतंय म्हणाला तर सर्जन दहा वेळा विचार करतो, कारण टोटल उकलून पुन्हा बसवणं अवघड आहे. टोटल झालेल्या पाचांतला एक जण पूर्ण समाधानी नसतो असं अनेक अभ्यासांतून आलं आहे, पण त्यातले फार थोडे पुन्हा टेबलावर येतात. त्यामुळे नुसत्या पुनर्शस्त्रक्रियेच्या आकड्यावर दोघांची तुलना करणं मला पटत नाही.

वाटसरू

इथे दुसरी बाजूही यायला हवी. माझ्या वडिलांचं पार्शल बिघडलं.

मोठ्या शहरातलं मोठं हॉस्पिटल, नाव घेत नाही. पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. मग बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. दुसऱ्या डॉक्टरांनी पूर्ण पायाचा लांब एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की पाय गरजेपेक्षा जास्त सरळ केला गेला, म्हणजे आतल्या बाजूचा बाक काढून तो उलट बाहेर झुकला. सगळा भार चांगल्या कप्प्यावर पडला आणि तो झिजला. शेवटी टोटल करावं लागलं. वडील आता बरे आहेत, पण मधली दोन वर्षं वाईट गेली. घरात कोणाशी बोलायचे नाहीत.

पहिल्या वेळी आम्ही फी, खोली, विमा सगळं विचारलं. हे डॉक्टर पार्शल किती वेळा करतात, एवढं मात्र कोणीच विचारलं नाही. कृपया हा प्रश्न विचारा. माझी कळकळीची विनंती आहे.

रेवा_फिजिओ

वाटसरू, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

हाडवैद्य

वाटसरू, हा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. पार्शलमध्ये पाय पूर्ण सरळ करायचा नसतो, आजार होण्याआधी जसा होता तसा करायचा असतो. थोडा बाक मूळचाच असेल तर तो राहू द्यायचा. टोटल करायची सवय असलेल्या हाताला हे पटकन जमत नाही.

सांधेनोंदणीच्या अभ्यासांतून हेच आलं आहे. वर्षाकाठी जेमतेम दोन-चार पार्शल करणाऱ्यांचे निकाल वाईट. ज्यांच्या एकूण गुडघ्यांपैकी निदान पाचवा हिस्सा पार्शल असतो त्यांचे चांगले. कारण उघड आहे, नियमित करणाऱ्याची रुग्णाची निवडही पक्की होते. म्हणून "तुमच्या शंभर गुडघ्यांत पार्शल किती?" हा प्रश्न निःसंकोच विचारा. चांगला सर्जन रागावणार नाही.

आकडेमोड

पैशांचं कोणी बोललं नाही म्हणून. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर मर्यादा आणली. तेव्हा ठरलेले दर असे: नेहमीच्या कोबाल्ट क्रोमियमच्या पूर्ण गुडघ्याला ५४,७२० रुपये, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या खास प्रकाराला ७६,६०० रुपये, जीएसटी वेगळा. त्याआधी साध्या प्रकाराचेच दीड लाखाच्या वर लावत होते. त्यामुळे इम्प्लांटच्या नावाखाली अवाच्या सवा आकडा सांगितला तर लेखी तपशील मागा. बिलाचा मोठा भाग आता खोली, ओटी, सर्जनची फी आणि रोबोटच्या शुल्काचा असतो.

दोन गोष्टी नक्की करा. विमा असेल तर पॉलिसीत सांधेरोपणाचा प्रतीक्षा काळ बघा, बहुतेकांत दोन-तीन वर्षांचा असतो. आणि इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर चिकटवून घ्या. कंपनी, माप, बॅच नंबर सगळं त्यावर असतं. उद्या पुन्हा उघडायची वेळ आली तर नव्या सर्जनला आत काय आहे ते कळलं पाहिजे.

बोरिवलीकर

रोबोटबद्दल कोणी सांगेल का? आमच्या स्टेशनबाहेर केवढा तरी फलक लागलाय, "रोबोट करेल तुमचा गुडघा". माझी आई म्हणते, रोबोटला गुडघे दुखल्याचं काय कळणार!

हाडवैद्य

आईंना सांगा, शस्त्रक्रिया सर्जनच करतो. माको नावाच्या यंत्राची सुरुवात २००६ च्या सुमारास पार्शलपासूनच झाली. आधी सीटी स्कॅनवरून आराखडा ठरतो आणि ठरवलेल्या हद्दीबाहेर पातं जाऊ लागलं की यंत्राचा हात अडवतो. हाड अचूक कापलं जातं, हे खरं. पण कोणाला पार्शल करायचं आणि कोणाला नाही, हे यंत्र ठरवत नाही. निवड चुकली तर अचूक कापलेलं हाडही उपयोगाचं नाही.

रानवारा

अवांतर. गुडघेरोपण हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तो अटलजींमुळे. २००० साली ब्रीच कँडीत त्यांचा डावा गुडघा बदलला, २००१ मध्ये उजवा. न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. आमचे आजोबा हट्टाला पेटले, करीन तर पंतप्रधानांच्या डॉक्टरकडूनच. शेवटी मिरजेत केलं आणि गावात सांगत फिरायचे, "वाजपेयींचं नि माझं ऑपरेशन एकच."

पाटणकर_काका

हा हा! तेव्हा आमच्या कट्ट्यावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. ऑपरेशनला घाबरणारे कितीतरी जण त्या बातमीनंतर तयार झाले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

नर्मदातीर

सगळे थेट कापाकापीवरच का येता? माझ्या आत्याला तेलाच्या मालिशीने, एरंडाच्या पानांच्या शेकाने पुष्कळ आराम पडला. आधी सहा महिने ते करून बघा.

रेवा_फिजिओ

नर्मदातीर, शेकाने आराम पडतो, नाही म्हणत नाही. तात्पुरतं दुखणं कमी झालं तर माणूस चालतो आणि चालणं चांगलंच. पण हाड हाडाला लागलं असेल तर तेलाने कूर्चा परत येत नाही.

ऑपरेशनआधी खरं काम करतं ते वजन आणि व्यायाम. वजन एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट केला तर जिना सुसह्य होतो. हे मनापासून करून झाल्यावरही दुखणं झोप मोडत असेल तर ऑपरेशनला उशीर करू नये.

एक सावधगिरी. गुडघेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. लगेच बरं वाटतं आणि मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर ऑपरेशन निदान तीन महिने पुढे ढकलतात, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सर्जनला हे न विसरता सांगा.

सह्यभटक्या

माझं वय ४७, ट्रेकिंग करतो, आतली बाजू झिजायला लागली आहे. मला पार्शल चालेल का?

हाडवैद्य

तुमच्या वयाला आणि आवडीला आधी ऑस्टिओटॉमीचा विचार करतात. गुडघ्याखाली नडगीचं हाड कापून पायाची रेषा थोडी बदलायची, म्हणजे भार चांगल्या बाजूला जातो. स्वतःचा सांधा राहतो, उड्या-धावण्याचं बंधन कमी. बरं व्हायला वेळ मात्र जास्त लागतो, हाड जुळावं लागतं. पूर्ण झिजलं नसेल तेव्हा पार्शल करू नये, निकाल चांगले येत नाहीत.

वयाबद्दल जाता जाता. १९८९ साली दोन अमेरिकन सर्जननी नियम घातले होते, साठीच्या पुढचे, ८२ किलोंच्या आतले आणि जड कामं न करणारे रुग्णच पार्शलला घ्या. ते बरीच वर्षं सगळ्यांनी पाळले. पुढे ऑक्सफर्डच्या गटाने दाखवलं की झीज योग्य प्रकारची असेल तर वय आणि वजन एवढे आड येत नाहीत. तिथल्याच गुडफेलो या सर्जनने आणि ओ'कॉनर या इंजिनिअरने सत्तरच्या दशकात सरकत्या प्लास्टिकचा सांधा बनवला, १९८२ पासून तो आतल्या कप्प्यापुरता वापरू लागले.

गोमंतक

देव बरे करो. माझ्या आवयचो प्रश्न सुरंगीच्या आईसारखाच होता, म्हणून मराठीतच सांगतो. जमिनीवर बसण्याचं काय? चवथीला पाटावर बसल्याशिवाय तिला सण झाल्यासारखा वाटत नाही.

हाडवैद्य

पार्शलमध्ये गुडघा टोटलपेक्षा सहसा जास्त वाकतो आणि बरेच रुग्ण पुढे मांडी घालतात. पण इथे इम्प्लांटचा प्रकार विचारावा लागतो. मधलं प्लास्टिक दोन प्रकारचं, एक पक्कं बसवलेलं आणि एक सरकणारं. सरकणारं कमी झिजतं, पण पाय पिळून खोल वाकवला तर ते जागेवरून निसटण्याचा धोका असतो, आणि आपल्यासारख्या जमिनीवर बसणाऱ्या समाजांत तो लक्षात घ्यावा लागतो. जमिनीवरच जेवणार, देवपूजा करणार हे सर्जनला आधी सांगा. मी माझ्या रुग्णांना कधीतरी सणाला पाटावर बसायला हरकत नाही म्हणतो, रोजचं उकिडवं बसणं मात्र सोडायला लावतो.

मृद्गंध

मी पूजेला मांडी घालते, पण उठताना खुर्चीचा आधार घेते. संडास मात्र कमोडचाच. गावच्या घरी ऑपरेशनआधीच बसवून घ्या, नंतर गवंडी शोधत बसायला वेळ नसतो.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते. स्ट्रेस एक्स-रे आणि पूर्ण पायाचा लांब एक्स-रे काढला, तिसऱ्या सर्जननाही दाखवलं. बाहेरचा कप्पा चांगला आहे, एसीएल घट्ट आहे, बाक सुटतो. तिघांपैकी दोघं पार्शल म्हणाले. मग दुसऱ्या डॉक्टरांना वाटसरूंचा प्रश्न विचारला. ते हसून म्हणाले, "हे आधीच विचारायला हवं होतं," आणि त्यांच्या नोंदी दाखवल्या. चारातला एक गुडघा पार्शल असतो त्यांचा. आईने तिथेच होकार दिला. मला वाटतं तिला कोणीतरी उजव्या गुडघ्याला हात लावणार नाही म्हणालं, याचाच जास्त आनंद झाला.

संमतीपत्रावर एक ओळ आहे: आत उघडल्यावर बाहेरचा कप्पा किंवा एसीएल खराब दिसला तर टोटल करू. हे नेहमीचं आहे का?

हाडवैद्य

हो, आणि ती ओळ असलीच पाहिजे. टोटलचं सामान बाजूला तयार ठेवूनच पार्शल सुरू करतात. आईंना ते आधी नीट समजावून सांगा, म्हणजे जागं झाल्यावर धक्का बसणार नाही.

पाटणकर_काका

ताई, एवढी तपासणी झाली आहे तर माझंही पार्शलला अनुमोदन. आईंना सांगा, आमच्या पिढीला विठ्ठल फार वाट बघायला लावत नाही. पहिल्या वर्षी पूर्ण वारी नको, लोणंद ते तरडगाव करा. तुमच्याच जिल्ह्यातला छोटा टप्पा आहे, वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण बघायला मिळेल. दिवेघाट त्याच्या पुढच्या वर्षी.

हाडवैद्य

काकांच्या टप्प्याला माझी संमती. चालण्याने पार्शल बिघडत नाही, पळणं आणि उड्या टाळायच्या.

रेवा_फिजिओ

सुरंगी, घरी गेल्यावरच्या दोन गोष्टी आत्ताच लिहून ठेव. गुडघ्याखाली उशी देऊ नका. दुखतं म्हणून सगळ्या घरांत मायेने उशी देतात आणि गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा सरळ होतो. पहिल्या दिवसापासून घोटे वरखाली हलवत राहायचे, गुठळ्या टाळायला. आणि जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. आईंना हे तोंडपाठ करून दे.

वाटसरू

ऑपरेशनचा दिवस ठरला की कळवा. वडील रोज विचारतात, त्या साताऱ्याच्या बाईंचं काय झालं म्हणून.

हाडवैद्य

एक राहिलं. आईंना मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर तपासून आटोक्यात आणा. दात किडलेला किंवा हिरड्या सुजलेल्या असतील तर त्याचं कामही आधी उरकून घ्या. तोंडातले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात. पायाच्या बोटांमधल्या चिखल्याही बघा, रानात जाणाऱ्या बायकांना असतातच.

सुरंगी

साखर नाही, पण डावीकडची एक दाढ दुखते म्हणून ती वर्षभर उजवीकडूनच चावते आहे. सोमवारी दातांच्या डॉक्टरांची वेळ घेते.